कडेचं दिसणं

सारजाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. बारीकातला बारीक खडा त्या बरोबर चिमटीत धरत. अंजली दारातून ते बघत होती.

फेरतपासणीची नोटीस तिच्या हातात होती. कुणीतरी निनावी अर्ज केला होता: अंधत्वाचं प्रमाणपत्र घेतलेल्या या बाई सुईसुद्धा ओवतात. उद्या बारामतीला डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं.

"आई, तिथं खड्याबिड्याचं बोलू नकोस."

"का? दिसतंय ते दिसतंय म्हनायचं. काचबिंदू हाय मला, आंधळी कोशिंबीर न्हाय खेळत. म्होरचं दिसतं, कडंचं न्हाय. धा येळा सांगितलं."

अंजली हळूच आईच्या डाव्या बाजूला गेली आणि कानाजवळ हात हलवला. आईची पापणी लवली नाही.

"बांगड्या वाजल्या तुझ्या," तांदळावरची नजर न काढता सारजाबाई म्हणाल्या. "झालं का तपासून?"

"डास होता."

"व्हय. लई डास झाल्यात गावात."

दुसऱ्या दिवशी सकाळी, निमगाव केतकीच्या स्टँडसमोर रस्ता ओलांडताना, डावीकडून आलेल्या पिकअपने सारजाबाईंना उडवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

तेराव्यानंतर तालुक्याच्या कचेरीतून कारकून आला. खुर्ची दिली तरी तो कडेवरच टेकला.

"वाईट झालं, ताई. पण तक्रार हाय म्हटल्यावर जबाब घ्यावाच लागतो. शेजारी सांगत्यात, बाई एकट्या दळणाला जायच्या."

"पायाखालची वाट होती ती."

"असंल. पण कडेचं दिसत नव्हतं, ह्याला कोण साक्षीला? त्या दिवशी बरोबर कोण होतं?"

"मी."

कारकुनाने मान वर केली. "तुम्ही बरोबर, आणि हात धरला न्हाई?"

हाच प्रश्न मावशीने विचारला होता, भावाने विचारला होता. पिशवीचा बंद तुटला, तो बांधत होते, असं तिनं प्रत्येकाला सांगितलं होतं. सगळ्यांनी ते मानलंही होतं.

कारकुनाचं पेन कागदावर थांबलं होतं.

"लिहा," अंजली म्हणाली. "हात मी मुद्दाम सोडला. दोन पावलं मागं राहिले. तिला खरंच दिसत नाही का, ते बघायला."