पाच नंबरचा घोडा

गुळाचा खडा. निळी टोपी. अडकित्ता. तिसऱ्या अडथळ्यापाशी नवी हिरवळ.

अडथळ्यांच्या शर्यतीआधी मी घोडे तपासून अंदाज सांगतो. एक नंबर दमदार. दोन नंबर उडी उशिरा घेतो. पाच नंबरच्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार इमामभाई त्याला गुळाचा खडा चारत लगाम धरून उभा होता; कमरेला अडकित्ता. त्याचा थोरला मुलगा गेल्या वर्षी याच शर्यतीत तिसऱ्या अडथळ्यापाशी घोड्याखाली सापडून गेला. आज निळी टोपी घालून धाकटा स्वार होता.

मी घोड्याचे पाय तिसऱ्यांदा चाचपले. दोष नव्हता. तरी ‘पळेल’ हा शब्द तोंडून निघेना.

“घोडा बघताय की सोयरीक, साहेब?” इमामभाई कसनुसा हसला. “थोरल्याच्या वेळी तर एका दमात ‘बिनघोर सोड’ म्हणालात.”

घंटा झाली. धाकट्याने टाच मारली.

गेल्या वर्षी मी घोडा न बघताच अंदाज सांगितला होता.