शिबिराची निवड

परीक्षा पास होऊन नवेकोरे फुटबॉल पंच झालेल्या गृहस्थांपुढे दोन प्रशिक्षण शिबिरं होती. एकात नुसती व्याख्यानं आणि दोन वेळचं उत्तम जेवण. दुसऱ्यात जेवणाची बोंब, पण पहिल्याच दिवशी अख्खा सामना एकट्यानं सांभाळायचा.

"जेवणाचं बघा," बायको म्हणाली. "घरात तुमचं मांजरसुद्धा ऐकत नाही. तिथे बावीस दांडगट कुठले ऐकायला बसलेत?"

झालं! गृहस्थ इरेला पेटले आणि त्यांनी दुसरं शिबिर निवडलं. आरशासमोर भुवया ताणून लाल कार्ड काढायचा असा काही सराव केला, की मांजर पलंगाखाली जाऊन बसलं.

शिबिरात बाहेरचे खेळाडू नव्हतेच. जमलेल्या नवशिक्या पंचांचेच दोन संघ पाडले होते. गृहस्थांनी छाती फुगवून शिट्टी फुंकली आणि थेट पेनल्टी दिली. गोलरक्षक तरातरा धावत आला, "काहीतरीच काय!" म्हणून ओरडला आणि सवयीनं खिशात हात घालून त्यानं गृहस्थांनाच लाल कार्ड दाखवलं.



पंचाशी वाद घालायचा नसतो, हे गृहस्थांना तोंडपाठ होतं. ते मान खाली घालून मुकाट्यानं मैदानाबाहेर गेले.