बाहेरून लावायची कडी

स्क्रू निम्मा आत गेला आणि अडला. अनुपनं पेचकसावर सगळा भार टाकला, तशी स्क्रूची खाचच झिजून गुळगुळीत झाली. त्यानं कपाळाचा घाम पुसला. मागं पायरीवर त्याचे वडील, आबा, बसले होते आणि एकटक त्याच्या हाताकडं बघत होते.

त्यांच्याच खोलीच्या दाराला तो कडी बसवत होता. बाहेरून.

सुताराला बोलावलं असतं तर घटकाभरात काम उरकलं असतं. पण सुतारानं विचारलं असतं, या खोलीत कोण राहतं? आदल्या दिवशी बारामतीच्या पेठेत कडी घेतानाच अनुपची जीभ अडखळली होती. "कशाला पाहिजे?" दुकानदारानं सहज विचारलं. "गोठ्याला," अनुप म्हणाला. दुकानदारानं चांगली जाडजूड लोखंडी कडी काढून दिली. म्हैससुद्धा तोडायची नाही, म्हणाला. अनुपच्या दारात ना म्हैस होती, ना गोठा.

आई गेल्यावर कळंबचं घर बंद करून त्यानं आबांना इकडं बारामतीला आणलं होतं. हळूहळू आबांचं भान सुटत गेलं. दुपारी घरात कुणी नसायचं. अनुप बँकेत, बायको प्रियदर्शनी तिच्या शाळेत शिकवायला, मुलगी पिंकी तिच्या शाळेत. आबा उठायचे, टोपी घालायचे आणि कळंबला निघायचे. कधी एसटी स्टँडवर सापडायचे, कधी भलत्याच आळीत. परवा तर कालव्याच्या कडेला चिखलात बसलेले सापडले. दूधवाल्यानं घरी आणून सोडलं तेव्हा त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. प्रियदर्शनी रडली. पण कडीचा विषय निघाला तेव्हा तीही नको म्हणाली नाही.

"आधी भोक पाड की नीट," आबा म्हणाले. "आन इस्क्रूला साबन लाव."

आज त्यांचं डोकं ताळ्यावर होतं. अनुपला तेच जड जात होतं. त्यानं मोरीतून साबणाची वडी आणली. तोवर आबा उठून आले आणि दार हलू नये म्हणून त्याला खांदा देऊन उभे राहिले.

"कशापायी रं ही कडी?"

"वाऱ्यानं दार आपटतंय, आबा."

"व्हय. लई वारं सुटतंय हितं."

बाहेर लिंबाचं पानही हलत नव्हतं. अनुपची मान वर होईना. साबण लावलेले स्क्रू मुकाट आत जात राहिले.

काम झालं. आबांनी कडी सरकवून पाहिली, परत मागं घेतली. मग खोलीत गेले आणि आतून दार ओढून घेतलं.

"लाव," आतून आवाज आला.

"असू द्या आता, आबा..."

"लाव म्हन्तो न्हवं."

अनुपनं कडी लावली. दार आतून ढकललं गेलं. आधी हातानं, मग खांद्यानं, मग सगळ्या अंगाच्या जोरानं. कडी तसूभर सरकली नाही. अनुपनं जमिनीवरचा पेचकस उचलला.

"आबा, माझं चुकलं. काढूनच टाकतो ही."

"काढू नगंस!" आबा दाराच्या अगदी जवळ आले असावेत, कारण आता ते हळू बोलत होते तरी शब्द नीट ऐकू येत होते. "कालव्यापातुर गेल्तो म्हनं मी. पिंकी सांगत हुती. ऐक, मला समजतंय तवर सांगून ठिवतो. उद्याच्याला मी ह्ये समदं इसरंन. दार बडवीन, तुला न्हाय न्हाय त्या शिव्या दीन. त्या मनाला लावून घ्यू नगंस."