टाचा भिंतीला

"अवं, बाळ नाही थे! टप्पा मार, टप्पा!"

विक्रम सरांची शिट्टी वाजली आणि मैदानभर हशा पिकला. दीक्षा चेंडू पोटाशी कवटाळून अर्धं मैदान पळत गेली होती. आता ती मधोमध उभी राहून त्या चेंडूकडे बघत होती, जणू तो कुणीतरी तिच्या हातात देऊन पसार झालं होतं.

"पंखे पुसायले ठेवा हिले, स्टूल लागणार नाही," मागच्या बाकावरून मिनलचे काका म्हणाले.

दीक्षाची आई, रीना, सवयीने हसली. घरी ते काम तिचं स्वतःचंच होतं. मग हसलो काहून, असं वाटून तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खापा गावाहून सकाळच्या पहिल्या बसने दोघी आल्या होत्या. सक्करदऱ्याच्या या मैदानावर मुली गळत गळत आता दोनच उरल्या होत्या, आणि बास्केटबॉल अकादमीच्या होस्टेलात जागा एकच होती. दुसरी ही मिनल, इथल्याच शहरातली, जरीपटक्याची. तिच्या हातून सुटलेला चेंडू जाळीतून सुळकन जायचा. दीक्षाचा जाळीच्या आसपासही फिरकत नव्हता.

तेवढ्यात मिनलने नेम धरून चेंडू सोडला आणि दीक्षाने नुसता हात वर केला. उडीसुद्धा धड मारली नाही. फांदीवरचा पेरू तोडावा तसा चेंडू हवेतच तिच्या पंजात आला.

अकादमीचे मोठे गिरिधर सर सकाळपासून लांबून नुसते बघत होते. ते खुर्चीवरून उठले.

त्यांनी दीक्षाला जवळ बोलावलं. तिच्या पायात बापाचे बूट होते. दुकानदार दाबतो तसा सरांनी बुटाचा पुढचा भाग अंगठ्याने दाबून पाहिला. आत जागाच नव्हती.

"बाबाचे बूट तुले तंग होऊन राहिले?"

दीक्षाने मान हलवली, जणू बूट तिनेच बिघडवले होते.

"सर, मिनल तयार आहे," विक्रम म्हणाला. "उद्या मॅच ठेवा, उद्या खेळन. हिले तर टप्प्यापासून शिकवा लागन."

"मिनलचं जे आहे थे आजच दिसून राहिलं गा. हिचं पाच-सहा वर्षांनी दिसन. पण पोरगी अजून वाढाले पायजे." सर रीनाकडे वळले. "हिचे बाबा उंच आहेत?"

"मधलेच आहेत, सर."

"अन् तुम्ही? या बरं ताई इकडे. मायवरून लेकीचा अंदाज घेतो आम्ही."

ऑफिसच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. रीना तिथे जाऊन उभी राहिली, नेहमी राहते तशी. गुडघे किंचित मोडलेले, खांदे पुढे, मान आत. पांढऱ्या साडीच्या आत गुडघे असेच वाकवून तिने लग्नात प्रीतमच्या गळ्यात हार घातला होता. "जराशी लहान हो वं," सासू कानात पुटपुटली होती. ते एकदाच. पुन्हा कुणाला सांगावं लागलं नाही.

विक्रमने तिच्या डोक्यावर पुठ्ठा आडवा धरला. "हे घ्या. पोरगी मायच्या बरोबरीले आलीच आहे, सर. आता अजून किती वाढन? झालं हिचं."

झालं. लेक आपल्याजवळच राहणार. संध्याकाळच्या बसने दोघी परत जातील. रात्री दीक्षा झोपेत आपला लांबलचक पाय आईच्या अंगावर टाकेल. रीना तो ढकलेल. तो पुन्हा येईल. हे सगळं काही न बोलता मिळत होतं. फक्त उभं राहायचं होतं, असंच.

तिने लेकीकडे पाहिलं.

मिनलच्या शेजारी उभी असलेली दीक्षा जमिनीकडे बघत होती. तिचे गुडघे मोडले होते. किंचितच. खांदे पुढे, मान आत. मिनलएवढी व्हायचं चाललं होतं तिचं.

हिला हे कुणी शिकवलं?

"सर," रीना म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मी नीट उभी नव्हती. पुन्हा मोजा."

विक्रमने कपाळाला आठी घातली. गिरिधर सरांनी नाही. "टाचा भिंतीला लावा, ताई. पाठ बी."

टाचा लागल्या. पोटऱ्या लागल्या. पाठ लागताना आत कुठेतरी कड्कन वाजलं. डोकं टेकलं. आता पदर बोटाला गुंडाळायला हात पुढे येईनात, तेही भिंतीलाच चिकटून राहिले. विक्रमचा पुठ्ठा वर सरकला, अजून वर सरकला. तो चवड्यांवर उभा राहिला, तरी पुठ्ठा सपाट बसेना. शेवटी त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.



"आई," दीक्षा म्हणाली. तिला मान वर करावी लागत होती. "तू इतकी उंच हायेस?"



"विक्रम," गिरिधर सर म्हणाले, "होस्टेलात लांब पलंग कोणता आहे थो पाहून ठेव."

मोजणं संपलं. विक्रम स्टुलावरून उतरला, स्टूल पुन्हा कोपऱ्यात गेलं. रीना भिंतीपासून हलली नाही.