छावणीतला आवाज

"हा आवाज तुमच्या श्रावणचा आहे का?" सामंतसाहेबांनी टेप थांबवून पुन्हा विचारलं.

"नाही, सायब," तानाबाई म्हणाली.

मुंबईहून आलेला हा तपास अधिकारी सकाळपासून मारेगावच्या ठाण्यात तिच्यासमोर ठाण मांडून होता. टेपवरचा माणूस हिंदीत बोलत होता, तेही पार परक्या वळणाचं. पण पहिल्याच शब्दाला तानाबाईच्या काळजात चर्र झालं होतं. पोटच्या लेकराचा आवाज ओळखायला आईला भाषा कशाला लागते? कापसाचा भाव पडला त्या साली श्रावण एजंटाच्या नादानं आखातात ड्रायव्हर म्हणून गेला. काही दिवस फोन आले, मग तेही बंद झाले. गावानं तो मेला असंच धरलं. आणि आज कळत होतं, तो जिवंत आहे. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच तिला भीती वाटत होती.

"नीट ऐका," साहेब म्हणाले. "बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्यांना हा माणूस फोनवरून हुकूम देत होता. त्यांतल्या पकडलेल्या एकानं तुमच्या श्रावणचं नाव घेतलंय. फोन आला परदेशातल्या लष्करी छावणीतून. तिथलं सरकार म्हणतं, असा कोणी आमच्याकडे नाहीच. तुम्ही आवाज ओळखलात, तर त्यांना कानावर हात ठेवता येणार नाहीत."

"अन् ओळखला तर त्याले काय होईन?"

"कोणाले, मावशी?" शेजारी उभ्या असलेल्या हवालदार बेबीताईनं चटकन विचारलं.

तानाबाईनं जीभ चावली. "त्या टेपवाल्याले."

"सापडला तर फाशी," साहेब म्हणाले.

बेबीताई जवळ येऊन बसली. "मावशी, आपल्या गावच्या बाबारावची पोरगी पायल गेली त्या बाजारात. लहानपणी तुमीच तिले न्हाऊ घालत होत्या ना?"

तानाबाईनं डोळे मिटले. पायलसाठी ती पोटभर रडली होती. पण पायल गेली होती आणि श्रावण होता. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? ताकास तूर लागू द्यायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

साहेबांनी शेवटची टेप लावली. स्फोटाच्या जरा आधीची.

"भीड बढने दो," आवाज शांतपणे म्हणाला. "औरतें आने दो. बच्चे आने दो. उसके बाद..."

तानाबाई टेपकडे वाकली. पाखराचं पिल्लू खाली पडलं तरी रडणारा तिचा पोर हा? छे. एवढा वेळ ती खोटं बोलत होती, पण आता तो आवाज तिला खरोखरच अनोळखी वाटला. तिनं सरळ साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. "नाही, सायब. हा माहा पोरगा नाही," असं आता ती शपथेवर सांगू शकत होती. तिनं तोंड उघडलं.

टेप अजून चालूच होती. तिकडे त्या माणसाला जोराची शिंक आली. आणि लेकराच्या शिंकेला आईच्या तोंडून जे आपोआप निघतं, तेच निघालं.

"शंभर वर्सं जग रे, माह्या श्रावण!"