दवाखान्याच्या फोर्डचं नवं तोंड

डोमा मिस्त्रीनं गाडी गावात घातली, हौसेनं दोनदा भोंगा वाजवला, आणि बघतो तर गावात चिटपाखरू नाही. चुली पेटलेल्या. एका अंगणात मोहफुलं वाळत टाकलेली, त्यांच्यावर कोंबड्या खुशाल ताव मारत होत्या. माणूस म्हणून दिसेना.

कुरखेड्याच्या धर्मादाय दवाखान्यातल्या नर्स इंदुताई पिशवी सावरत उतरल्या आणि तडक सुकलूच्या घरात शिरल्या. सुकलूची बायको बुधरी अडली होती. मूल पायाळू दिसतं, बाईला लवकर पाठवा, असा गावच्या सुईणीचा सकाळीच निरोप आला होता. ताई गेल्या तशाच बाहेर आल्या.

"डोमाभाऊ, घरात कोणीच नाई. पोरीले खाटेसकट उचलून नेलं लोकांनी! कुठी नेलं असंन?"

डोमाला काय ठाऊक! तो चांद्याचा माणूस, या बाजूला पहिल्यांदाच आलेला. तोही बोलावला म्हणून नव्हे, आपलं काम जंगलातल्या रस्त्यावर कसं चालतं ते बघायची खाज म्हणून.

काम होतंच तसं. गेल्या महिन्यात एका गव्यानं धडक देऊन दवाखान्याच्या जुन्या फोर्डच्या तोंडाचा पार चेंदामेंदा केला. फोर्डचा सुटा पत्रा काही मिळेना. चांद्यात एका जमीनदाराची ब्युइक मात्र भंगारात पडली होती. जमीनदारी गेल्यापासून, म्हणजे चांगली चार वर्षं. डोमानं तिचंच तोंड कापलं. चकचकीत जाळी, टपोरे दिवे, मडगार्ड, बॉनेट, सगळं. मापं कुठली जुळायला! चार बोटं इकडे वाढव, दोन बोटं तिकडे छाट, पट्ट्या ठोक, असं करत पंधरा दिवसांत त्यानं ते फोर्डवर चढवलं. बघायला निम्मं चांदा लोटलं. "काऊन मिस्त्री, आता हिले फोर्ड म्हणाचं का ब्युइक?" लोक विचारायचे. डोमा हसून वेळ मारून न्यायचा. खरं म्हणजे त्यालाही ते कळत नव्हतं, आणि रोज संध्याकाळी हात धुताना तो तोच विचार करायचा.

इंदुताई आता गाडीसमोर उभ्या होत्या. जाळीकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, हे तोंड कोणाच्या गाडीचं म्हणाले तुम्ही?"

डोमानं जमीनदाराचं नाव सांगितलं.

"अरे देवा!" ताईंनी कपाळावर हात मारला. "ह्याच गाडीत बसून त्याचे लोक बेगारीले माणसं धराले येत. हाती लागंन त्याले फरफटत नेत. अन् आपण भोंगा वाजवत आलो!"

"बाई, मी तं निस्ता पत्रा पायला," डोमा कसाबसा म्हणाला. पाना घेऊन तो जाळीशी झोंबायलाही गेला. पण पंधरा दिवस ठोकलेलं ते, घटकाभरात थोडंच निघणार!

ताईंनी चारी दिशांना हाका मारल्या. "अरे, मी इंदुबाई हाओ! बुधरीले आणा!" घसा बसला. ओ म्हणून आली नाही. उन्हं वर चढत होती, आणि तिकडे कुठेतरी जंगलात बुधरीचा जीव टांगणीला लागला होता.

"चला," शेवटी त्या म्हणाल्या. "मागं दोन कोसावर तिचं माहेर हाये. तिथी नेलं असंन तं पाहू." त्यांचे डोळे भरून आले होते. डोमानं गाडी वळवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हातांची लाज वाटली.

गावाबाहेरच्या बोडीची पाळ मागे टाकून गाडी पन्नास पावलं गेली असेल. मागून एकच गलका उठला. "बाई! ओ बाई! थांबा!" डोमानं आरशात बघितलं. त्या तळ्याच्या पाळीमागून माणसंच माणसं वर येत होती आणि गाडीमागे जीव खाऊन पळत होती. सगळ्यांच्या पुढे सुकलू. डोमानं करकचून ब्रेक दाबला.

ताई उडी मारून पाळीपलीकडे पळाल्या. बुधरीची खाट तिथेच मोहाखाली होती. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. पुरुष गाडीपाशी येऊन बसले. डोमानं सुकलूला बिडी दिली, ती त्याच्यानं पेटवेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदाचा पाळीपलीकडून बारीकसा ट्याहां ऐकू आला आणि सुकलू तिथेच तोंड झाकून रडायला लागला.

"दोघंबी बरे हायेत," बुधरीची सासू सांगत आली. डोमानं हात जोडले. पण स्वभावच तो, विचारल्याशिवाय राहवेना.

"माय, बाईनं एवढ्या हाका मारल्या, तवा काऊन नाई आले तुम्ही?"

"आमाले वाटलं, त्या जमीनदारानं बाईलेच धरून आणलं बेगारीले."

डोमाला हसावं की रडावं कळेना. "मंग आता कशी वळखली गाडी?"

म्हातारी गाडीच्या मागे गेली. धुळीनं माखलेल्या पत्र्यावरून तिनं हात फिरवला.

"त्याची गाडी आली का आमी पळो, तिची पाठ या गावात कोणीच नाई पायली," ती म्हणाली. "अन् बाईची गाडी जाते, तवा दिसेनाशी होयपर्यंत आमी तिच्या पाठीकडंच पायत उभे राह्यतो."