हात मागे घ्या

"आधी काकांना दाखवते," सिस्टर म्हणाली आणि तिने जाडसर पेनासारखं यंत्र समोर बसलेल्या जोडप्यातल्या नवऱ्यापुढे धरलं. "सुई नाही याला. आतली स्प्रिंग इतक्या जोरात सुटते की औषधाची बारीक धार कातडीतून थेट आत जाते. काका, रोजचं इन्सुलिन तुम्हीच देता ना?"

"मीच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"माझ्या हातात द्या," बायको म्हणाली.

सिस्टर घुटमळली. समोरच्या बाईला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. वेताच्या खुर्च्या विणून घट्टे पडलेला तिचा हात मात्र टेबलावर पसरलेला होता, आणि तो हलायला तयार नव्हता.

नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन सारखं पुढे ढकललं जात होतं ते एवढ्यासाठीच. तो दवाखान्यात पडून राहिला तर हिला टोचणार कोण? शेजारणीच्या हाती सुई द्यायला त्याचं मन घेत नव्हतं. हिने एकदा स्वतःच टोचून बघितलं तेव्हा सुई बोटात घुसली होती आणि त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. आता डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

"बरं," सिस्टर म्हणाली. "आधी नुसतं सलाईन भरून बघू."

बायकोने यंत्र सगळीकडून चाचपलं. मागचं चाक फिरवलं की दर युनिटला टक् असा आवाज येत होता. "हे बरंय, बोलतंय की हे," ती म्हणाली. तिने पोटावर जागा धरली, यंत्राचं तोंड टेकवलं, बटण दाबलं. फट्! सगळं पाणी पोटावरून ओघळलं.

"तिरकं झालं, काकू. औषध असतं तर वाया गेलं असतं."

नवरा एका हाताने जांघ दाबत उठला. "राहू दे गं. पुरे झाला हट्ट. आण इकडे, मी करतो. ऑपरेशनचं बघू पुढच्या वर्षी."

"हात मागे घ्या."

"अगं, पण..."

"मागे घ्या म्हटलं ना."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. तो परत खुर्चीत बसला.

या वेळी तिने घाई केली नाही. डाव्या हाताची दोन बोटं यंत्राच्या दोन बाजूंना टेकवली, ते सरळ उभं आहे ना याचा अंदाज घेतला आणि बटण दाबलं. सिस्टरने त्या जागेवरून बोट फिरवलं. "कोरडं!"

"आणखी एकदा," बायकोच म्हणाली. पुन्हा कोरडं.

मग खरं औषध. चाक फिरवताना प्रत्येक टक्‌बरोबर तिचे ओठ हलत होते. सिस्टरने आकडा बघून मान डोलावली, मग चूक लक्षात येऊन मोठ्याने म्हणाली, "बरोबर!" बाहेरून कुणीतरी स्ट्रेचर खडखडत नेत होतं. तो आवाज लांब जाईपर्यंत ती थांबली. मग दाबलं.

"गेलं, काकू! थेंबसुद्धा बाहेर नाही!"

"दुखलं का गं?" नवऱ्याने विचारलं.

"कुणी टिचकी मारावी तसं." आणि बसल्या जागीच तिने दोन्ही हात उंच केले, शर्यत मारल्यासारखे. "सिस्टर, आता यांच्यासाठी तारीख घ्या. उद्याची मिळाली तरी चालेल."

सिस्टर हसत फोनकडे वळली. नवरा अजून तसाच ताठ बसून होता.

"अहो, सोडा आता," बायको म्हणाली.

"काय सोडू?"

"श्वास. मला टोचताना रोज धरून ठेवायचात. मला काय ऐकू येत नव्हतं?"

त्याने तोंड उघडलं. बाहेर आला तो श्वास, लांबलचक, आणि त्याच्या पाठोपाठ हसू.